धोटे अण्णांचा कान

अण्णांना गाडी दाखवायची नसे, ऐकवायची असे. गॅरेजात शिरून तुम्ही बॉनेट उघडलंत आणि तक्रार सांगायला लागलात, की ते तळहात आडवा धरून तुम्हाला गप्प करत. मग कमरेला खोचलेला लाकडी धोटा काढत, त्याचं एक टोक इंजिनावर टेकवत, दुसरं आपल्या कानामागच्या हाडाला लावत आणि डोळे मिटून घेत. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारं, होडीसारखं निमुळतं लाकूड. अण्णांनी त्याच्या एका टोकाची लोखंडी अणी काढून ते घासून गुळगुळीत केलं होतं. दोन मिनिटांनी डोळे उघडून ते सांगत, "तिसऱ्या नंबरची झडप नीट बसंना," किंवा "पुढचं बेअरिंग रडतंय, म्हैनाभर टिकंल." उघडून बघितलं की तसंच निघे. डॉक्टरांना स्टेथोस्कोपनं इतकं कळलं असतं तर सोलापुरातले अर्धे दवाखाने बंद पडले असते, असं माझे वडील म्हणायचे.

त्या धोट्यामुळं सगळे त्यांना धोटे अण्णा म्हणत. पुढंपुढं ते आडनावच झालं. बँकेची पत्रंसुद्धा 'श्री. धोटे' अशी येत, आणि अण्णा ती मुकाट्यानं घेत. मूळचे ते शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातले. चौदाव्या वर्षी यंत्रमागाच्या शेडमध्ये लागले, माग दुरुस्त करणारे जॉबर झाले. शेडमालकाची मोटार बंद पडली तेव्हा कुणीच येईना म्हणून त्यांनीच तिला धोटा लावला, आणि त्या दिवसापासून त्यांचं मागावरचं लक्ष उडालं. पण मागानं त्यांना सोडलं नव्हतं. पंचवीस वर्षं शेडमध्ये काढल्यावर मग अक्कलकोट रोडला स्वतःचं गॅरेज निघालं. ही पंचवीस वर्षं मी तेव्हा त्यांच्या अनुभवाच्या खात्यात धरली. कानाच्या खात्यात धरायला हवी होती.

मला ते 'पापा' म्हणत. तेलुगूत पापा म्हणजे लहान मुलगी. मी नऊ वर्षांची असताना हे ठीक होतं. पण मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागले, केस पांढरे झाले, चष्म्याचे नंबर वाढले, तरी भर रस्त्यात हाक यायची, "काय पापा, कुटं निघालीस?" माझ्या विद्यार्थ्यांना हा प्रकार फार आवडायचा. त्यांनी बाईंचं खासगी नाव पापा ठेवलं, आणि मी चिडले की ती पोरं जास्तच खूश व्हायची. अण्णांचा दुसरा लाडका शब्द होता 'विनु'. विनु म्हणजे ऐक. इंजिन सुरू असताना ते माझ्या कानामागं धोटा टेकवत आणि म्हणत, "विनु, पापा." लाकडातून आत येणारा तो आवाज कानानं ऐकू येत नसे, तो थेट डोक्यात सुरू होई.

ऐकायला होती आमची गाडी. वडील मिलमध्ये इंजिनिअर होते. मिलचे मॅनेजर सोलापूर सोडून गेले तेव्हा त्यांची दोन सीटची, उघड्या टपाची विलायती गाडी कुणी घेईना, ती वडिलांनी घेतली. आईनं त्या दिवशी जेवण केलं नाही. गाडीत माणसं दोन, आम्ही घरात चौघं, आणि रविवारी बसायचे मात्र वडील आणि तेव्हा अजून शेडमध्येच असलेले, सुट्टीला आमची गाडी बघणारे अण्णा. मी दोघांच्या मधल्या फटीत, गिअरच्या दांड्याला गुडघा लावून. अक्कलकोट रोडवर तिसऱ्या गिअरमध्ये वडील पाय दाबत जात. आधी गुरगुर, मग घोगरा आवाज, आणि मग एका जागी सगळे घोगरे आवाज एकत्र येऊन एकच बारीक, लांब, स्वच्छ सूर लागे. अण्णांचा तळहात वर-वर जात असे, मागाच्या शेडमधली ती खूण होती, वाढव म्हणायची. तो सूर लागला की हात थांबे. "गायली!" अण्णा ओरडत. गाडीच्या मीटरचा काटा कधीच मेलेला होता, इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते सांगणारं दुसरं काही नव्हतं. वडिलांनी एकदा नवा मीटर आणायचं काढलं तर अण्णांना राग आला. "कान असताना काटा कशाला, सायेब?"

अण्णांच्या काही तऱ्हा होत्या. बोलणाऱ्यानं समोर उभं राहून, तोंड दाखवून बोललं पाहिजे. पाठमोऱ्या माणसाला उत्तर नाही. मिशीवाल्या गिऱ्हाइकाचं काम ते टाळत. "मिशीत बोलणारा मानूस खरं बोलत न्हाई," असं सांगत. एका झुपकेदार मिशीच्या बागायतदाराला त्यांनी तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा तो बिचारा मिशी कातरून आला, आणि अण्णांनी त्याचा ट्रॅक्टर तासात चालू करून दिला. ही गोष्ट मी शंभर लोकांना रंगवून सांगितली असेल. स्टाफरूममध्ये तर हिचा वन्समोअर होत असे.

फोनवर कामाचं बोलायचं नाही, हीही तऱ्हाच. साथीच्या काळात सगळे मास्क लावून फिरत होते तेव्हा अण्णांनी गॅरेजच बंद ठेवलं. पुढं परवानगी मिळाली तरी उघडलं नाही. मी लांबून चौकशीला गेले तर म्हणाले, "तोंडं झाकलेल्या लोकांत मला गुदमरतंय, पापा." मी म्हटलं, वय झालं, जिवाला जपतात. त्याच सुमारास त्यांनी मोटारी घेणं कमी केलं. ट्रक, ट्रॅक्टर, शेतावरची डिझेल इंजिनं, एवढंच. मी म्हटलं, धंद्याची हवा ओळखतात. मला प्रत्येक गोष्टीचं कारण तयार असे. शिक्षकाला असतंच.

वडील गेल्यावर गाडी आमच्या जुळे सोलापूरच्या फ्लॅटखाली ताडपत्रीत सहा वर्षं उभी राहिली. इंजिन जाम झालं. दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले आणि पहिल्याच आठवड्यात ती टोचन करून अण्णांच्या दारात नेली. मला दुसरं काहीच नको होतं, फक्त तो सूर परत हवा होता. वडिलांचा फोटो घरात होता. त्यांचा आवाज कुठंच नव्हता, आणि माझ्या डोक्यात त्यांचा आवाज आणि तो सूर कधीचे एक होऊन गेले होते.

अण्णांनी इंजिन उतरवलं, सिलिंडरच्या आतून बोट फिरवलं आणि मला समोरच्या स्टुलावर बसवलं. "बोअर गंजलेत. नुसतं साफ करून भागत न्हाई. नव्यानं बांधाय पायजे. दोन वाटा हायत. एक पोटाची, एक पायाची." पोटाची म्हणजे सिलिंडर कापून मोठे करायचे, पिस्टनची खाली-वर धाव लांबवणारा क्रँक घालायचा, पंधराशे सीसीच्या आतलं इंजिन अठराशेच्या घरात न्यायचं. मग ते सावकाश फिरूनसुद्धा जोर देतं. पायाची म्हणजे सिलिंडरला आतून स्लीव्ह, म्हणजे पातळ नळी, घालून माप मूळचंच ठेवायचं, पण पिस्टन हलके, झडपांच्या स्प्रिंगा कडक, फ्लायव्हीलचं जड चाक तासून बारीक, आणि सगळा जोर वेगातून काढायचा. सात हजार फेऱ्यांपर्यंत.

"पोटाचं बांधू," अण्णा म्हणाले. "चार हजारावर सगळं काम हुतंय की. चढ आला, मागं बघाय नको."

"आणि आवाज?"

"आवाज जड हुईल. जड आवाज लई चांगला असतोय, पापा. हाडात लागतोय."

मी वही काढली. मी तयारी करून गेले होते. सिलिंडर कापले की मधली भिंत पातळ होते, आपल्याकडच्या मे महिन्यात ती तापून तडकेल, हे मी आकृती काढून दाखवलं. लांब धावेत पिस्टनचा वेग कसा वाढतो, तेही दाखवलं. अण्णांनी पार्ट मिळणार नाहीत म्हणून पाहिलं. ते मी आधीच शोधून ठेवले होते. रस्ते वाईट आहेत म्हणाले. मी म्हटलं, मला रस्ता नकोच आहे, मला सूर पाहिजे. एकेक करत त्यांची सगळी कारणं मी खोडली. आयुष्यभर वर्गात तेच केलेलं होतं.

अण्णांनी मांडीवरचा धोटा चोळला. मग म्हणाले, "पायाचं इंजिन बांधायला कान तरणा लागतोय."

मी हसले. "तुमचा कान म्हातारा होणारे का अण्णा? डिझेल ऐकून ऐकून आळशी झालाय तो."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग तेही हसले. "बरं. तू म्हन्तीस तर पायाचं."

आज मला त्या हसण्याची आठवण झाली की उठून फेऱ्या मारायला लागतात. त्या माणसानं एका वाक्यात सगळं सांगितलं होतं. धोटे अण्णा या नावानं जगणाऱ्यानं यापेक्षा जास्त काय सांगायचं?

काम पाच महिने चाललं. चारही पिस्टन, चारही कनेक्टिंग रॉड एका वजनाचे हवेत म्हणून अण्णा ते पिशवीत घालून सराफाकडं घेऊन गेले. सोन्याच्या तराजूत लोखंड बघून सराफ हबकला, पण बसून राहिला. एका रॉडमधून कानसीनं नखाच्या कातरणीएवढं लोखंड काढायचं, परत तोलायचं, असं दोन दिवस. हात अजून पक्के होते, डोळे पक्के होते. शेवटी एक दिवस अण्णा आपणहून म्हणाले, "पापा, नवीन मीटर बसवू या. काटेवाला."

मी कमरेवर हात ठेवून, त्यांच्याच सुरात म्हटलं, "कान असताना काटा कशाला?"

मला वाटलं, त्यांना केवढा आनंद होईल. चाळीस वर्षांपूर्वीचं त्यांचं वाक्य मी जपून ठेवलं होतं. अण्णांनी मान हलवली आणि पान्हा उचलला. मीटरची गोष्ट परत निघाली नाही.

महिनाभर इंजिन हळूहळू फिरवून नवे भाग एकमेकांत मुरू दिले. सूर काढायचा दिवस रविवार धरला. सकाळी नऊची वेळ, गॅरेजाच्या अंगणात गाडी उभी, मी वडिलांच्या जागेवर, अण्णा बॉनेटपाशी धोटा लावून. त्यांनी डोळे मिटले आणि तळहात वर केला. मी पाय दाबला. गुरगुर झाली, घोगरं झालं. हात वर. आणि मग तो सूर लागला. तसाच, बारीक, स्वच्छ, सहा वर्षं ताडपत्रीखाली झाकून ठेवल्यासारखा. माझे डोळे भरून आले. मी अण्णांकडं बघितलं, आता ओरडतील म्हणून.

हात वर जात होता. अजून वर.

मला वाटलं, हलके पिस्टन आहेत, सूर याच्याही पुढं असेल, अण्णांना माहीत. मी पाय दाबला. सूर फाटायला लागला. आतून कडकड अशी बारीक आवाजाची माळ सुटली, झडपा जागेवर बसेनाशा झाल्या की येते तशी. हात वर. मी ओरडले, "अण्णा, बास का? अण्णा!" त्यांचे डोळे मिटलेले होते. कपाळाला आठी होती, काहीतरी हरवलेलं शोधताना माणसाची होते तशी. मला फक्त पाय उचलायचा होता. बाकी कुणाची गरज नव्हती, ना परवानगीची. पण नवव्या वर्षापासून त्या हातानं सांगितलेलं कधी चुकलं नव्हतं, आणि माझा पाय माझ्या कानाचं ऐकेना.

धडाका झाला. रॉड सिलिंडरची भिंत फोडून बाहेर आला. अंगणात तेलाची धार लागली. तो धडाका अण्णांनी ऐकला. तो जड होता.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. अण्णा धोटा हातात घेऊन चालत माझ्या बाजूला आले, वाकले, माझी हनुवटी दोन बोटांनी वर करून तोंड आपल्याकडं वळवलं. रागावतील म्हणून मी वाट बघत होते.

"आधी गायली का गं?" त्यांनी विचारलं. "मी वाट बघतोय, बघतोय..."

मी म्हटलं, "गायली, अण्णा."

ते माझे ओठ वाचत होते. त्यांनी मान हलवली. "बरं झालं," म्हणाले.

त्यांची मुलगी सरोजा आतून धावत आली होती. तेल पुसता पुसता तिनं मला सांगितलं, "अक्का, दहा वर्षं झाली की. आधी कुकरची शिट्टी गेली, मग पाखरं गेली. खालचं येतंय ऐकू, वरचं न्हाई. शेडमधली सगळीच म्हातारी अशी हायत, आमच्याकडं कुणाला नवल वाटत न्हाई. ओठ बघूनच बोलतोय आमी." मग थांबून म्हणाली, "तुमाला म्हाईत नव्हतं? मला वाटलं तुमाला म्हाईत हाय. तुमी तर त्याच विषयाच्या."

होय, मी त्याच विषयाची. ध्वनीचा धडा मी तीस वर्षं शिकवला. मोठ्या गोंगाटात राहिलेल्या माणसाच्या कानातून उंच स्वर आधी जातात, खालचे शेवटपर्यंत राहतात, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिलं आणि मुलांना अधोरेखित करायला लावलं. त्यातल्या एकाही वर्षी मला अण्णा आठवले नाहीत. मिशीवाल्या बागायतदाराची गोष्ट मात्र मी न चुकता सांगितली.

अण्णांनी हार मानायला वेळ घेतला. ब्लॉकचे, म्हणजे इंजिनाच्या बिडाच्या सांगाड्याचे, तुकडे त्यांनी चिमट्यानं गोळा केले. बिडाला जोड देणारे शोधले, चार महिने खपले. जोड दिला की शेजारी नवी चीर जाई. तसा दुसरा ब्लॉक आम्हाला कुठंच मिळाला नाही. मी म्हटलं, दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवू, मोठं, पोटाचं, जड आवाजाचं, तुम्ही म्हणता तसं. मी ते अगदी तोंड दाखवून, सावकाश म्हटलं. अण्णा म्हणाले, "आता नको पापा. हात कापतोय." हात कापत नव्हता. पुढच्या महिन्यात गॅरेजाला कुलूप लागलं.

सरोजानं कानाचं यंत्र आणून दिलं. अण्णांनी एक दिवस घातलं आणि काढून डबीत ठेवलं. "ह्यात सगळं ऐकू येतंय," म्हणाले, "एक गानं सोडून." आता ते सरोजाच्या घरी ओट्याशेजारी बसलेले असतात. मिक्सरला धोटा लावून बुश गेलाय सांगतात, वॉशिंग मशिनचं बेअरिंग सांगतात. जड आवाजाची सगळी दुखणी अजून बरोबर निघतात. मी रविवारी जाते. माफी मागायला म्हणून जाते आणि चहा पिऊन येते, कारण माफी मागायची तर तोंड दाखवावं लागतं.

मागच्या रविवारी अण्णा आपणहून बोलले. "कशी गायली, सांग की. नीट सांग."

मी सांगायला लागले. बारीक होता, लांब होता, स्वच्छ होता. ते ओठ बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं. शब्द ओठांवर दिसतात, सूर कसा दिसणार? मग त्यांनी कमरेचा धोटा काढला, त्याची लोखंडी अणी माझ्या गळ्याखालच्या हाडावर अलगद टेकवली, गुळगुळीत टोक आपल्या कानामागं लावलं आणि डोळे मिटले.

"गा," म्हणाले. "विनु... मी ऐकतो."

सरोजा कणीक मळायची थांबली. मी घसा साफ केला आणि तोंड मिटून सूर लावला, खालून, गुरगुरीपासून. अण्णांच्या ओठांवर हसू आलं. त्यांना ऐकू येत होतं. तळहात हलला, वर. मी चढवला. अजून वर. मी चढवत गेले, जिथंपर्यंत साठीच्या बाईचा गळा जातो तिथंपर्यंत, आणि त्यांचं हसू हळूहळू मावळत गेलं, कपाळाला ती आठी आली. माझा आवाज फाटला. मी तो तसाच धरून ठेवला.

अण्णांचे डोळे मिटलेले होते आणि हात वर जात होता.